'भरपूर' या शेऱ्याखाली करपलेली पानं

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या शेती पुरवणीत धान्यपिकांच्या खतांवर लेख आला होता. भारी, म्हणजे चिकणमातीच्या जमिनीत पालाश (पोटॅशियम) मुळातच भरपूर असतं, त्यामुळे गहू, मका अशा पिकांना ते वेगळं द्यायची गरज नाही, असं त्यात म्हटलं होतं. ते वाचून हे पत्र लिहायला बसले. लेखकाला दोष द्यायचा नाही. हेच मी स्वतः 26 वर्षं लोकांच्या हातात लिहून देत आले.

मी माती परीक्षण प्रयोगशाळेत सहायक होते. माझं टेबल पालाशचं. सावलीत वाळवून, कुटून, 2 मिलिमीटरच्या चाळणीतून काढलेली माती 5 ग्रॅम घ्यायची, त्यात अमोनियम अॅसिटेटचं द्रावण 25 मिलिलिटर घालायचं, पाच मिनिटं हलवायचं, गाळायचं आणि गाळून आलेलं फ्लेम फोटोमीटरला, म्हणजे ज्योतीच्या उजेडावरून प्रमाण मोजणाऱ्या यंत्राला, लावायचं. पालाशची ज्योत फिकट जांभळी असते. पण नमुन्यात थोडं जरी सोडियम असलं तरी त्याच्या पिवळ्या उजेडात ती झाकली जाते, डोळ्यांना दिसतच नाही. यंत्राला फिल्टरमुळे दिसते. आकडा आला की हेक्टरी किलोत मांडायचा आणि तीन शेऱ्यांपैकी एक लिहायचा: कमी, मध्यम, भरपूर. चिकण, जड मातीचा नमुना हातात आला की शेरा जवळजवळ ठरलेलाच असायचा, आणि बहुतेक वेळा आकडाही तेच म्हणायचा.

निवृत्त झाल्यावर धाकट्या भावाबरोबर शेतात लक्ष घालू लागले. आमची जमीन भारी. भिजली की पायाला ढेकूळ होऊन चिकटते, वाळली की मनगट आत जाईल एवढ्या भेगा पडतात. वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, यायला उशीर आणि निघून जायला घाई. त्या वर्षी गव्हावर मका घेतला होता. मका कमरेएवढा झाला तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, खालची पानं करपायला लागलीत." त्याला वाटलं करपा आला, म्हणून बुरशीनाशक फवारलं. पानं करपतच राहिली. मग वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून एक पाळी जास्त दिली. तरी काही नाही. शेवटी युरिया टाकला. वरची पानं गडद हिरवी झाली आणि खालची आणखी वाळली.

मी एक पान तोडून बांधावर बसून नीट पाहिलं. शेंड्याकडून सुरुवात होऊन पानाचा काठ पिवळा, मग तांबूस आणि अगदी कडेला कागद जळावा तसा कोरडा झाला होता. मधली शीर आणि तिच्या दोन्ही बाजूंचा पट्टा मात्र हिरवागार. नत्र (नायट्रोजन) कमी पडलं तर याच्या उलट होतं. पिवळेपणा शेंड्याकडून मधल्या शिरेवरून आत घुसतो, इंग्रजी व्ही अक्षरासारखा, आणि काठ बराच वेळ हिरवे राहतात. हे प्रयोगशाळेतल्या कुठल्याशा तक्त्यावर मी वर्षानुवर्षं पाहिलं होतं, पण खरं पान हातात धरून पाहायची वेळ कधी आली नव्हती. करप्याचे ठिपके पानावर कुठेही पडतात. इथे ठिपका नव्हता, फक्त काठ जळत होता, आणि तोही खालच्या पानांचा. पालाश झाडात सहज फिरतं. कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना देतं, म्हणून खालचं पान आधी जातं.

मग खिशातल्या सुरीने एक ताट बुडापासून उभं चिरलं. पेरांच्या जोडावर आतून तपकिरी डाग होते, गंज चढल्यासारखे. पालाश कमी पडलेल्या मक्यात असे डाग दिसतात, कारण त्या जोडांवर लोह साचतं.

पण माझी खात्री पटवली ती शेताने. बांधावर उभी राहून ओळींवरून लांबवर नजर टाकली, तर सगळं शेत सारखं नव्हतं. दोन ओळी हिरव्या, मग चार-पाच ओळी करपलेल्या, पुन्हा दोन हिरव्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत असेच पट्टे. कुठला रोग असा मापून येत नाही. भावाला विचारलं, आधीचा गहू कसा काढला होता? हार्वेस्टरने. काड? हार्वेस्टरच्या मागे रांगेत पडलं होतं. उचलायला उशीर झाला, मधे दोन मोठे पाऊस झाले आणि मग गठ्ठे बांधून दिले. हार्वेस्टरचं पातं साधारण तेरा फूट, म्हणजे मक्याच्या सहा-सात ओळी. काडाची रांग चारेक फूट, म्हणजे दोन ओळी. जिथे काड पडून भिजलं, तिथला मका हिरवा होता.

पालाश झाडाच्या कुठल्याही भागात बांधलेलं नसतं. नत्र प्रथिनांत जातं, स्फुरद (फॉस्फरस) बियांत साठतं, पालाश मात्र पेशीतल्या पाण्यात विरघळलेलंच राहतं. पीक वाळलं की पाऊस ते काडातून चहाच्या पुडीतून रंग उतरावा तसं धुऊन खाली नेतो, काड कुजायचीसुद्धा वाट पाहावी लागत नाही. त्या दोन पावसांनी तेरा फुटांचं पालाश चार फुटांत आणून टाकलं होतं. उरलेल्या नऊ फुटांत काय शिल्लक होतं, ते मका दाखवत होता.

त्या रात्री जुन्या कागदांतून याच शेताचा माती परीक्षण अहवाल काढला. पालाश हेक्टरी 390 किलो. पुढे शेरा, भरपूर. अक्षर माझं.

आकडा चुकीचा नव्हता. तो कशाचा आहे, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, चूक ती होती. एका हेक्टरच्या वरच्या 15 सेंटिमीटर मातीचं वजन साधारण 22 लाख किलो भरतं. त्यात दीड टक्का पालाश धरलं तरी 33 हजार किलो होतं. भारी जमिनीत भरपूर पालाश आहे असं म्हणतात ते हेच, आणि ते खोटं नाही. पण त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त खनिजांच्या अंगातच अडकलेलं असतं. काही भाग चिकणमातीच्या पापुद्र्यांच्या मधे दाबून बसलेला असतो. कणांच्या पृष्ठभागावर, मुळाला मागता येईल असं, शेकडा एक-दोनच. माझं यंत्र हे एक-दोन मोजायचं. प्रत्यक्ष पाण्यात विरघळलेलं, मूळ थेट पिऊ शकेल असं पालाश तर कुठल्याही दिवशी जेमतेम काही किलो असतं. ते संपेल तसं पृष्ठभागावरून सुटायला हवं, आणि तिथलं संपेल तसं पापुद्र्यांतून.

भारी जमीन आणि हलकी जमीन यांत फरक पडतो तो इथे. 390 किलो हा आकडा वाळूसर जमिनीतही येऊ शकतो. पण वाळूसर जमिनीत अन्नद्रव्यं धरून ठेवायच्या जागाच कमी असतात. समजा आमच्या जमिनीच्या एक दशांश. तर तिथे शंभरातल्या नऊ जागा पालाशच्या हाती येतात. आमच्या जमिनीत त्याच 390 किलोंनी शंभरातली जेमतेम एक जागा धरलेली असते, बाकीच्या जवळजवळ सगळ्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या. मुळापाशी पोचणाऱ्या पाण्यात त्यांची गर्दी आणि पालाश चिमूटभर. आकडा सारखा, पण एका मुळाला मिळतं आणि दुसऱ्याला मिळत नाही. म्हणूनच जमिनीत चिकणमाती जितकी जास्त, तितका पुरेसं म्हणायचा आकडा वरचा हवा. आमच्या टेबलावर सगळ्या जमिनींना एकच पट्टी होती.

भर म्हणजे पालाश मुळाकडे चालत येतं ते फार हळू, मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरातून, आणि सगळ्या हंगामात फार तर काही मिलिमीटर. म्हणजे मुळालाच त्याच्याकडे जावं लागतं. भारी जमीन वाळली की तो थर तुटतो. पाणी साचलं की मुळाला हवा मिळत नाही आणि ते घेणंच थांबवतं. ट्रॅक्टरच्या चाकाखाली दाबून घट्ट झाली की मूळ खाली उतरत नाही. आम्ही जास्तीची पाळी दिली तेव्हा नेमका मधला प्रकार केला. माती उपाशी नव्हती, मूळ उपाशी होतं, आणि आम्ही त्याचं तोंड आणखी दाबलं.

वाळवण्याबद्दलही लिहायला हवं, कारण ते काम माझ्या हातचं होतं. नमुने पंख्याखाली ट्रेमध्ये पसरून वाळवायचे, हे आम्ही निर्धास्तपणे करत आलो. पण पापुद्र्यांच्या चिकणमातीत नुसतं वाळवल्याने पालाशचा आकडा बदलतो. ज्या मातीत पालाश कमी झालेलं असतं, तिच्यात तो बहुधा वाढतो, म्हणजे शेतात ओल्या मातीत जे मुळाला मिळत नव्हतं ते ट्रेमध्ये सुटून यंत्रात येतं. अमेरिकेतल्या आयोवा राज्य विद्यापीठाने म्हणूनच न वाळवलेल्या मातीवरच्या पालाश चाचणीसाठी वेगळे निकष दिले आहेत. ज्या शेताला सगळ्यात जास्त गरज, त्याचाच आकडा फुगून यावा, याचं मला फार वाईट वाटतं.

आता काडाकडे येते, कारण माझ्या मते सगळ्याचं मूळ तिथे आहे. एक टन गव्हाच्या दाण्याबरोबर शेतातून 5 ते 6 किलो पालाश जातं. एक टन काडाबरोबर 10 ते 15 किलो. मक्याच्या ताटांत याहून जास्त, टनाला 15 ते 20 किलोपर्यंत. (हे आकडे खताच्या पोत्यावर लिहितात त्या ऑक्साईडच्या हिशेबाने आहेत. शुद्ध पालाशचा आकडा हवा तर 0.83 ने गुणावं. काही अहवालांत एक हिशेब असतो आणि काहींत दुसरा, त्यामुळे लोकांची फार फसगत होते.) म्हणजे नुसता दाणा गेला तर शेताला फारसं कळत नाही. दाण्याबरोबर काडही दरवर्षी गेलं, तर जाणारं पालाश तिप्पट-चौपट होतं. भारी जमिनीला पालाश लागत नाही हे ज्या काळी ठरलं, त्या काळी शेतातलं काड बहुतेक शेणखत होऊन शेतातच परत यायचं. आता काड जातं, त्याची वाट बदलली आणि वाक्य तेवढं राहिलं. काही जण काड जाळतात. पालाश राखेत उरतं हे खरं. पोटॅश या नावातच राख आहे, मडक्यात राख भिजवून काढायचं मीठ म्हणून पोटॅश. पण राख वाऱ्यावर उडते, पहिल्या पाण्याबरोबर वाहते, आणि नत्र व सेंद्रिय कर्ब तर आगीतच जातात.

इंग्लंडात रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्राच्या ब्रॉडबॉक शेतात 1843 पासून गव्हाचा एक प्रयोग चालू आहे. जमीन गाळाची, चिकणमातीकडे झुकणारी. तिथल्या काही पट्ट्यांना शंभर वर्षांहून जास्त काळ पालाश दिलेलं नाही. ते पट्टे मेलेले नाहीत, अजूनही पीक देतात. भारी जमिनीची ताकद ती हीच. पण नत्र तितकंच देऊनही तिथला गहू पूर्ण खत मिळालेल्या पट्ट्याच्या मागे राहतो. जमीन देत राहते, पण पीक मागेल त्या वेगाने देत नाही, आणि मका तुरा काढायच्या आधीच्या काही आठवड्यांतच फार मागतो.

आम्ही पुढच्या मक्याला काय केलं तेही सांगते. पालाशसाठी म्युरेट ऑफ पोटॅश घेतलं. पहिल्यांदा भावाने ते विस्कटून टाकलं आणि मातीत मिसळलं. काहीच फरक दिसला नाही, तो चिडला, आणि पालाशचा उपयोग नाही असं म्हणणाऱ्यांत आणखी एकाची भर पडणार होती. पण रिकामे झालेले पापुद्रे आधी स्वतःचं पोट भरतात. पालाशचा कण त्यांच्या जाळीतल्या पोकळीत नेमका बसतो, आणि माती वाळून आवळली की आतच राहतो. म्हणून त्याच्या पुढच्या हंगामात अर्ध्या शेतात तेवढंच खत पेरणीच्या वेळी ओळीत दिलं, बियाण्याच्या 5 सेंटिमीटर बाजूला आणि 5 सेंटिमीटर खाली. बियाण्याला चिकटून अजिबात नाही, कारण त्याच्या मिठाने कोंब भाजतो. सगळीकडे आधीचं काड जागेवरच कुट्टी करून पसरलं. उरलेलं अर्धं शेत बिनपालाशचं ठेवलं.

केस बाहेर पडायला लागले तेव्हा दोन्हीकडच्या कणसाजवळची पानं तपासायला दिली. मक्याच्या या पानात, या अवस्थेत पालाश साधारण पावणेदोन टक्क्यांच्या खाली असलं तर कमी समजतात. बिनपालाशच्या बाजूला 1.1 टक्का आला, ओळीत दिलेल्या बाजूला 1.9. मग एक वादळी रात्र झाली. सकाळी मी दोन्ही बाजूंना शंभर-शंभर ताटं मोजली. एकीकडे 31 लोळली होती, दुसरीकडे 6. काढणीनंतर शंभर दाणे वजनकाट्यावर घातले: 21 ग्रॅम आणि 28 ग्रॅम. बिनपालाशच्या कणसांचे शेंडे बोटभर रिकामे होते, दाणे पोचट आणि सैल. पानांत तयार झालेली साखर दाण्यापर्यंत वाहून न्यायला पालाश लागतं. पानांची रंध्रं उघडायला-मिटायलाही तेच लागतं. म्हणून असं पीक पाणी असतानाही उन्हात मान टाकतं आणि शेतकरी पुन्हा पाण्याच्याच मागे लागतो.

एका शेतावरून सगळ्या भारी जमिनींचा निकाल मी लावत नाही. काही चिकणमातींत इलाइटसारखी अभ्रकाच्या जातीची खनिजं भरपूर असतात, आणि त्या धान्यपिकांना वर्षानुवर्षं पालाश पुरवतात. तिथे पोती ओतणं म्हणजे पैसा आणि खत दोन्ही वाया. पण कुठली जमीन कशी, हे 'भारी' या एका शब्दावरून कळत नाही. ते शब्दावरून ठरवायचं, ही सवय मोडायला हवी, आणि ती लावण्यात माझाही हात आहे, म्हणून एवढं मोठं पत्र.

आपल्या पुरवणीकडून दोन गोष्टींची अपेक्षा आहे. पालाशबद्दल पुन्हा छापाल तेव्हा भारी जमीन म्हणून थांबू नका, काड शेतात राहतं की जातं हा प्रश्न त्याच वाक्यात विचारा. आणि माती परीक्षण अहवालांवर पालाशच्या आकड्याबरोबर जमिनीत चिकणमाती किती आहे हे लिहावं, आणि शेरा त्यावरून द्यावा, हा विषय लावून धरा. प्रयोगशाळांत बसलेली माणसं प्रामाणिक असतात. मीही होते. त्यांच्या हातात पट्टी एकच असेल तर ती काय करणार? आणि शेतकऱ्यांना माझं सांगणं असं की, अहवाल हातात असला तरी एकदा वाकून सगळ्यात खालचं पान बघा. पीक कमरेएवढं असतानाच बघा, कारण नंतर ती पानं वाळून जातात आणि सगळं उन्हाच्या नाहीतर वयाच्या नावावर खपतं.

सोबत मक्याची दोन पानं वहीत दाबून पाठवते आहे. डावीकडच्या पानाची मधली शीर पिवळी आहे, ते नत्र कमी पडल्याचं. उजवीकडच्याचा काठ जळालेला आहे, ते आमच्या शेतातलं, 'भरपूर' पालाशच्या जमिनीतलं. शक्य असेल तर पत्राबरोबर दोन्हींचा रंगीत फोटो शेजारी शेजारी छापावा. पानं जुनी होतात तसा हिरवा आणि पिवळा दोन्ही उडतात आणि सगळं एकच तपकिरी दिसायला लागतं, तेव्हा फोटो लवकर घ्यावा ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक